कारणासकट नापास

२०२५च्या पावसाळ्यात माझी नात दीड महिना माझ्याकडे राहून गेली. तिचं ऑफिस घरूनच चालतं, त्यामुळे लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की तिला पुणं काय आणि आमचं गाव काय, सारखंच. माजघरातल्या लाकडी टेबलावर तिने बस्तान मांडलं. याच टेबलावर मी तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. टेबलाच्या एका कडेला लाल शाईचे जुने डाग आहेत, ते काही केल्या जात नाहीत.

आता हिच्या स्क्रीनवरही लाल रंगच! एकदा चहा द्यायला गेले तर काळ्या पडद्यावर हिरव्या बरोबरच्या खुणांची रांग आणि मधेच एक लाल फुली. सवयीने माझी नजर फुलीवरच गेली.

"कोण नापास झालं गं?" मी विचारलं.

"मीच, आजी," ती म्हणाली. "आणि का ते कळत नाहीये."

फुलीखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. एक्स्पेक्टेड: ट्रू. रिसीव्हड: फॉल्स. म्हणजे अपेक्षित होतं 'खरं', मिळालं 'खोटं'. बस्स, एवढंच!

मी म्हटलं, "अगं, हा कसला शेरा? काय चुकलं ते कुठे लिहिलंय?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि चहा गार होईपर्यंत शोधत बसली.

तर मंडळी, आजचं हे लिखाण त्या दोन ओळींबद्दल आहे. घाबरू नका. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली. मला समजलं ते तुम्हालाही समजेल. आणि शेवटी मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, जी आजवर घरच्यांनाही नीट सांगितलेली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावातल्या वाचनालयात मी आठवड्यातून तीन दिवस बसते. तिथलं देवघेवीचं रजिस्टर जीर्ण झालं म्हणून नातीने फावल्या वेळात एक छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. नियम मी सांगितले, कोड तिने लिहिला. सभासदाने पुस्तक मागितलं की प्रोग्रॅम दोनपैकी एक उत्तर देतो. मंजुरी मिळाली तर सोबत परतीची तारीख, नकार मिळाला तर सोबत कारण. कारणं तीन: वर्गणी संपली, पुस्तक आधीच बाहेर गेलंय, किंवा सभासदाकडे आहेत तेवढी पुस्तकं पुरेशी झाली, म्हणजे मर्यादा संपली.

हे असं 'मंजुरी नाहीतर नकार' एकाच पाकिटात घालून परत करणं ही प्रोग्रॅमिंगमधली एक मान्य पद्धत आहे म्हणे. त्या पाकिटाला 'रिझल्ट' म्हणतात, निकाल! जुनी पद्धत अशी, की काही बिनसलं की प्रोग्रॅमने चूक हवेत भिरकावायची आणि ज्याला जमेल त्याने ती झेलायची. कोणी झेलली नाही तर सगळंच कोसळायचं. त्यापेक्षा अपयश हेही एक रीतसर उत्तर मानावं आणि ते हातात द्यावं, हा विचार मला फार आवडला. रस्ट नावाच्या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली आली, तिच्यात ही पद्धत भाषेतच बसवलेली आहे. तिथे यशाच्या पाकिटावर 'ओके' आणि अपयशाच्या पाकिटावर 'एर' असं लिहिलेलं असतं. हॅस्केल या त्याहून जुन्या भाषेत तर पाकिटांची नावंच 'लेफ्ट' आणि 'राइट'. डावं म्हणजे अपयश, उजवं म्हणजे यश, कारण इंग्रजीत राइटचा अर्थ बरोबर असाही होतो. हे ऐकून मी नातीला म्हटलं, आपल्याकडेही 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणतातच की! ती हसली. तिला तो वाक्प्रचार माहीत नव्हता.

जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे तिने वापरलेल्या भाषेत, असं तयार पाकीट नाही. ते तिने स्वतः बनवून घेतलं होतं.

आता तपासणीकडे येते. प्रोग्रॅम लिहिला की त्याची परीक्षा घ्यायला दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितात. नात त्यासाठी 'जेस्ट' नावाचं साधन वापरते. एक खोटा सभासद तयार करायचा, त्याला पुस्तक मागायला लावायचं आणि अपेक्षित उत्तर येतं का ते बघायचं. आलं तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. अशा वीस-बावीस तपासण्या तिने लिहिल्या होत्या आणि डिसेंबर २०२४पासून सगळ्या हिरव्या होत्या.

मग बिनसलं कुठे? तर जुलैमध्ये एके दिवशी वाचनालयात मी नोंदी चाळत होते. एका काकूंच्या नावावर पाच कादंबऱ्या! आमचा नियम दोन पुस्तकांचा. मे महिन्यात कमिटीने ज्येष्ठ सभासदांना तीन पुस्तकं द्यायचं ठरवलं, पण या काकू काही ज्येष्ठ नव्हेत (असं म्हटलेलं त्यांना आवडेलच). मी घरी येऊन नातीला विचारलं. ती म्हणाली, "शक्यच नाही आजी. मर्यादेची टेस्ट आहे, आणि ती पास होतेय."

शाळेत पालक सांगायचे ना, 'आमचा मुलगा असं करणारच नाही बाई', तसाच तो सूर! :-)

दोन तास उकरल्यावर उलगडा झाला, आणि तो मला इतका गमतीचा वाटला की वहीत लिहून ठेवला. मे महिन्यात ज्येष्ठांसाठी तीन हा आकडा घालताना बाकीच्यांच्या मर्यादेची जागा चुकून कोरी राहिली होती. 'दोन पुस्तकं ही मर्यादेइतकी किंवा जास्त आहेत का?' असं कोऱ्या जागेशी ताडून विचारलं की जावास्क्रिप्ट तक्रार न करता 'नाही' म्हणतं. म्हणजे मर्यादा कधीच संपत नाही. न्या पाच, न्या पंचवीस.

मग तपासणी हिरवी कशी? तिच्यातल्या खोट्या सभासदाकडे दोन पुस्तकं होती आणि त्याची वर्गणी ३१ मार्च २०२५पर्यंत भरलेली होती. डिसेंबरात त्याला नकार मिळायचा तो मर्यादा संपली म्हणून. १ एप्रिल उजाडला आणि बिचाऱ्याची वर्गणीच संपली. प्रोग्रॅम आधी वर्गणी बघतो, मग मर्यादा. त्यामुळे आता नकार मिळत होता तो वर्गणी संपली म्हणून, आणि मर्यादेच्या नियमापर्यंत गाडी पोचतच नव्हती. मंजुरीच्या तपासण्यांत तिने आजीव सभासद घेतला होता, त्याची वर्गणी संपायचा प्रश्नच नाही, म्हणून तिकडेही काही कळलं नाही. तपासणी एवढंच विचारत होती की 'नकार मिळाला का?' मिळाला. हिरवी खूण.

म्हणजे उत्तर बरोबर, पण चुकीच्या कारणाने. गणिताचे आमचे सहकारी अशा पोरांना म्हणायचे, "उत्तर शेजाऱ्याचं आहे, रीत कुठाय?"

मी नातीला म्हटलं, "तू नुसतं पास की नापास एवढंच विचारतेस. कारण विचारत नाहीस, म्हणून फसतेस." ती म्हणाली, "आजी, याला आमच्याकडे उपाय आहे. फक्त मी आळस केला होता."

तो उपाय म्हणजे स्वतःचा 'मॅचर' लिहिणं. मॅचर म्हणजे ताडून बघणारा. जेस्टमध्ये साधे मॅचर तयार मिळतात: हे त्याच्याइतकं आहे का, हे यात आहे का, वगैरे. पण 'निकालाचं पाकीट' ही वस्तू तिची स्वतःची, तिच्याबद्दल जेस्टला काय माहीत? म्हणून ती पाकीट उघडून आतलं 'खरं-खोटं' तेवढं जेस्टच्या हातात ठेवत होती. आतलं कारण बाहेर येतच नव्हतं. 'ट्रू हवं होतं, फॉल्स मिळालं' हा मुका शेरा त्यातून यायचा. स्वतःचा मॅचर अख्खं पाकीट हातात घेतो आणि निकाल देतो.

या कल्पनेला इतिहास आहे. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून 'जेयुनिट' या साधनाची सुरुवात केली. जावा भाषेतल्या तपासण्या त्यावर चालतात. पुढे 'हॅमक्रेस्ट' नावाचा मॅचरांचा संच आला. इंग्रजीत 'मॅचर्स' शब्दातली अक्षरं उलटीसुलटी केली की हॅमक्रेस्ट हा शब्द होतो. २००७ साली जेयुनिटच्या ४.४ आवृत्तीने तो सोबत घेतला. हॅमक्रेस्टमधला मॅचर नुसतं जुळलं की नाही एवढं सांगून थांबत नाही. आपल्याला काय हवं होतं ते आणि समोरचं कुठे जुळलं नाही ते, दोन्हीचं वर्णन त्याने करायचं असतं. परीक्षकाचं काम याहून वेगळं काय असतं?

मग तिने मॅचर लिहायला घेतला आणि मी शेजारी बसले. जेस्टचा मॅचर दोन गोष्टी परत देतो. एक, जुळलं की नाही. दुसरी, गरज पडली तर दाखवायचा शेरा. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावं चालतात हे तिने मला दाखवलं तेव्हा मी चाटच पडले. फक्त नावात मोकळी जागा चालत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून नावं ठेवली: 'मंजुरी_मिळावी' आणि 'नकार_मिळावा'. तिच्या ऑफिसात हे चालणार नाही, पण हा तर आमचा घरचाच मामला.

आणि शेरे लिहायचं काम तिने माझ्यावर सोपवलं! निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी मला शेरे लिहायला सांगितले. मी लिहिलं: 'अपेक्षा होती नकाराची, कारण: मर्यादा संपली. नकार मिळाला, पण कारण निघालं: वर्गणी संपली.' मंजुरी हवी असताना नकार आला तर: 'अपेक्षा होती मंजुरीची. मिळाला नकार. कारण:' आणि पुढे जे असेल ते. नकार हवा असताना मंजुरी आली तर कोणत्या तारखेपर्यंत पुस्तक दिलं तेही छापायचं. तपासणाऱ्याला धागा मिळाला पाहिजे.

मग काही खाचखळगे लागले. प्रोग्रॅमर वाचकांना ते ठाऊक असतील, बाकीच्यांनी माझ्यासारखी मजा घ्यावी.

पहिला खळगा 'नाही'चा. जेस्टमध्ये कुठल्याही मॅचरआधी 'नॉट' लावला की अर्थ उलटतो. 'मंजुरी न मिळावी' अशी तपासणी केली आणि मंजुरी मिळाली, की लाल फुली येते. पण खाली शेरा छापला गेला तो 'अपेक्षा होती मंजुरीची' असा. मी म्हटलं, "अगं, हे वाक्य उलटं झालंय." तेव्हा तिच्या लक्षात आलं, की शेरे दोन लिहावे लागतात. एक सरळ विचारलं तर, आणि एक उलट विचारलं तर. व्याकरणात होकारार्थी वाक्याचं नकारार्थी करताना नुसता 'न' घुसवून चालत नाही, हे मी आठवीला दरवर्षी घसा कोरडा करून सांगत असे.

दुसरा खळगा त्याहून खोल. पाकीटच आलं नाही तर? म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर तयार व्हायच्या आधीच, त्याची वाट न बघता, तपासणी केली तर? तेव्हा हातात निकाल नसतोच, निकालाचं नुसतं आश्वासन असतं. त्याला त्यांच्याकडे 'प्रॉमिस' असंच म्हणतात. सरळ विचारलं, 'मंजुरी मिळाली का?', तर मॅचर म्हणतो नाही, आणि लाल फुली येते. ते ठीक. पण उलट विचारलं, 'मंजुरी मिळालेली नाही ना?', तर मॅचर म्हणतो 'नाही मिळालेली', आणि हिरवी खूण!

हे मला लगेच कळलं. निकालपत्रकात पास आणि नापास यांशिवाय एक तिसरा शेरा असतो: गैरहजर. गैरहजर मुलगा पास झालेला नसतो हे खरं. म्हणून तो नापास झाला असं म्हणता येत नाही. मग आम्ही ठरवलं, की हातात पाकीटच नसेल तर मॅचरने जुळलं-नाही जुळलं असा निकाल द्यायचाच नाही. 'हा निकालच नाही' असं ओरडून तिथल्या तिथे थांबायचं. मग सरळ विचारा की उलट, लाल फुलीच येणार. आणि शक्यतो उलट विचारायचंच नाही. 'मंजुरी नको' असं मोघम म्हणण्यापेक्षा 'अमुक कारणाने नकार हवा' असं स्पष्ट म्हणायचं.

तिसरा खळगा माझ्यामुळेच पडला. नकाराची वाक्यं सभासदांना दिसतात, ती मला रुक्ष वाटली. 'वर्गणी संपली' याऐवजी 'आपली वर्गणी संपली आहे, कृपया नूतनीकरण करावे' असं करायला मी सांगितलं. तिने केलं, आणि एकदम सात फुल्या! कारण मॅचर वाक्य शब्दशः ताडत होता. मला आमचे काही परीक्षक आठवले. नमुना उत्तरातला शब्द न् शब्द आला तरच गुण देणारे. मुलाने तेच आपल्या भाषेत लिहिलं की अर्धा गुण कापला. आशय बघावा, शब्द नव्हे. तिने मग प्रत्येक कारणाला एक छोटं पक्कं नाव दिलं, ते ताडायचं. सभासदाला दाखवायचं वाक्य वेगळं ठेवलं, ते कितीही बदला.

खोट्या सभासदाच्या तारखेचाही बंदोबस्त केला. 'आज' कोणता दिवस आहे हे प्रोग्रॅमने स्वतः कॅलेंडरात न बघता त्याला बाहेरून सांगायचं. मग तपासणीतला 'आज' कायम डिसेंबरातलाच राहतो आणि एप्रिल उजाडतच नाही.

आणि हो, मॅचरची परीक्षा कोणी घ्यायची? बोर्डाच्या परीक्षेत परीक्षकावर नियामक असतो, तो तपासलेल्या पेपरांतले काही पुन्हा तपासतो. तसं तिने मॅचरला मुद्दाम चुकीची पाकिटं दिली आणि तो लाल फुली देतो का ते बघितलं. कधीच नापास न करणारा परीक्षक हा परीक्षकच नव्हे.

सगळं बसवल्यावर तिने मर्यादेची तपासणी पुन्हा चालवली. कोड अजून दुरुस्त केला नव्हता, तसाच चुकीचा ठेवला होता. लाल फुली आली आणि खाली माझ्या मराठीत: 'अपेक्षा होती नकाराची, कारण: मर्यादा संपली. मिळाली मंजुरी.' वाचताक्षणी कुठे बघायचं ते कळलं. पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. काकूंना निरोप धाडला की तीन कादंबऱ्या परत आणा. असो.

आता ती जुनी गोष्ट.

त्या रात्री नात तिच्या इतर तपासण्या झाडत होती. एके ठिकाणी थांबून म्हणाली, "आजी, हे बघ, ही अजून वाईट आहे." तिने लिहिलं होतं, 'नकार मिळाला असेल, तर त्याचं कारण ताडून बघ.' दिसायला किती समंजस वाक्य! पण नकार मिळालाच नाही तर? मग 'तर'च्या पुढचं काहीच होत नाही, काहीही न तपासता तपासणी संपते, आणि हिरवी खूण मिळते. यावर जेस्टमध्ये एक सोय आहे म्हणे. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, की या तपासणीत अमुक इतक्या गोष्टी ताडल्या गेल्या पाहिजेत. तेवढ्या झाल्या नाहीत तर फुली. आता मॅचर आल्यामुळे तिला त्या 'असेल तर'ची गरजच उरली नव्हती. तिने ती ओळ काढून टाकली आणि झोपायला गेली.

मला मात्र झोप आली नाही.

साल १९८४. नववीची वार्षिक परीक्षा, मराठीचा पेपर. याच टेबलावर मी तपासायला बसले होते. एका मुलाचे शंभरपैकी ३१ झाले. पासाला ३५ लागत. पहिले तीन प्रश्न बरे सोडवलेले, चौथा आणि पाचवा नव्हताच. उत्तरपत्रिकेवरच्या चौकटीत त्या दोन प्रश्नांपुढे मी रेघ मारली. गणितात त्याला आधीच कृपागुण देऊन वर काढलं होतं, आता मराठीतही गेल्यामुळे त्याचं वर्ष गेलं. प्रगतिपुस्तकात लाल शाईने ३१ आणि खाली 'नापास'. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांना दाखवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. मुलाने कार्ड घेतलं, बघितलं, खाली मान घालून गेला. काही बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जुने गठ्ठे रद्दीला काढताना दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात एक सुटी पुरवणी सापडली. दोरा निसटलेला, नाव नाही, नंबर नाही. अक्षर मात्र त्याचं. प्रश्न चौथा आणि प्रश्न पाचवा. मी तिथेच जमिनीवर बसून तपासलं. सतरा गुण झाले.

मग त्याची मूळ उत्तरपत्रिका शोधून काढली. पहिल्या पानावर 'पुरवण्यांची संख्या' अशी चौकट असते. त्यात त्याने स्वच्छ लिहिलं होतं: १.

मी ती चौकट बघितलीच नव्हती. पुरवणी असेल तर तपासायची, नसेल तर पुढचा पेपर. किती समंजस वाक्य!

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, निकाल लागून सहा महिने झाले, मुलगा शाळा सोडून गेला, आता काय करणार? त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने सांगितलं, की तो जूनमध्येच मामाबरोबर मुंबईला गेला, एका गॅरेजात लागला. मी तिला खरं ते सांगितलं. ती माऊली म्हणाली, "असू द्या बाई, त्याच्या नशिबात नव्हतं." चहा करते म्हणाली. मला तो प्यायला जमला नाही.

वीसेक वर्षांनी तो मुलीला आमच्या शाळेत घालायला घेऊन आला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, बरं चाललं होतं. व्हरांड्यात त्याने वाकून नमस्कार केला आणि मी त्याला ते सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, मला वाटलं, मला मराठी येतच नाही. मुंबईला गेल्यावर आईला पत्रसुद्धा मी मित्राकडून लिहून घ्यायचो."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण त्या रात्री अंथरुणावर एक गोष्ट स्पष्ट झाली. चूक माझ्या हातून झालीच असती, धांदलीत कोणाकडूनही होते. मात्र त्या कार्डावर ३१ आणि 'नापास' याऐवजी 'प्रश्न ४ व ५ सोडवलेले नाहीत' एवढी एक ओळ मी लिहिली असती, तर तो पोरगा वाचताक्षणी म्हणाला असता, "बाई, मी तर सोडवले होते!" कारण लिहिलं असतं तर ते खोडता आलं असतं. नुसत्या आकड्याशी कोणी भांडत नाही. तो आकडा त्याने आपल्याबद्दलचं सत्य म्हणून मुंबईला नेला.

सकाळी हे नातीला सांगितलं. ती पोळी खायची थांबली. मग काही न बोलता उठली, लॅपटॉप उघडला आणि तिच्या ऑफिसच्या कामातले जुने 'असेल तर' शोधत बसली. दुपारपर्यंत चौदा सापडले म्हणाली. त्यांतले दोन गेले कित्येक महिने काहीच न तपासता हिरवे होत होते.

ती परत गेली त्याला आता बरेच दिवस झाले. वाचनालयाचा प्रोग्रॅम नीट चाललाय, काकूंनी कादंबऱ्या परत आणल्या (एकीची दोन पानं दुमडून). मधे कमिटीने नवीन नियम केला, की मासिकं एकाच आठवड्यासाठी द्यायची. नातीला फोनवर सांगितला तर म्हणाली, "आजी, आधी शेरा लिहून पाठव, मग मी कोड लिहिते."

मी वहीत लिहून, फोटो काढून पाठवला. लाल शाईनेच लिहिला. आता तेवढी हौस राहिली आहे.

तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना वरच्या लिखाणात काही चुकलेलं दिसलं तर जरूर सांगा. फक्त नुसती फुली मारू नका हं, कारण लिहा. :-)